नंबर सापडतो हो, माणूस सापडत नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी तुमचा रोजचा वाचक. कुर्डुवाडीला स्टेशन रोडला माझं मोबाईलचं छोटं दुकान आहे, रिचार्ज, ग्लास, कव्हर, सिम, थोडंफार रिपेरिंग. पेपर दुकानात सकाळी साडेसातला पडतो आणि रात्री शटर ओढेपर्यंत गाडी चुकलेल्या पाहुण्यापासून रेल्वेतल्या रिटायर मंडळींपर्यंत सगळे तोच वाचत बसतात, त्यामुळं तुम्ही काय छापलं त्याचा पहिला झटका मलाच बसतो. तीन-चार महिन्यामागं तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर एक चौकट आली होती, लपवलेल्या नंबरवरून फोन आला तर कोण आहे ते कसं ओळखायचं म्हणून, पाच सोप्या ट्रिका. दुसऱ्या दिवसापासून लोक ते कात्रण खिशात घालून यायला लागले. "दादा, ह्यातली तीन नंबरची ट्रिक मारून द्या." त्यातली एकही ट्रिक चालत नाही साहेब. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे म्हणून छातीठोक सांगतो, आणि एका माणसाचं त्यात नुकसान झालंय म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या.

आधी नुकसान सांगतो. एक डाळिंबवाले शेतकरी आहेत माढ्याकडचे, त्यांना रात्री अकरा साडेअकराला 'प्रायव्हेट नंबर'वरून फोन यायचा, उचलला की समोरून काही नाही. घरात कटकट सुरू झाली, बायको विचारते कोण आहे, हे म्हणतात मला काय माहीत. मग तुमची चौकट वाचली आणि इंटरनेटवर शोधून एका साईटवर गेले, लपलेला नंबर ४९ रुपयात उघडून मिळेल म्हणे. ४९ भरले. गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी आलं काय, तर "सर्व्हर बिझी". पुढच्या महिन्यात खात्यातून ४९९ गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात परत ४९९. ४९ भरताना त्यांनी ऑटोपेला, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायला, होकार दाबला होता आणि ते त्यांना कळलंच नव्हतं. मी पेमेंटच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची यादी काढून ते बंद करून दिलं, पण गेलेले गेले. आणि ते एवढ्यावरच थांबले हे नशीबच म्हणायचं, कारण दुसऱ्या एका पोराला अशाच साईटनं ॲपची फाईल उतरवायला लावली होती, त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी हवी होती. का हवी होती ते तुम्हीच ओळखा. ओटीपी मेसेजमध्येच येतो ना.

आता ट्रिक का चालत नाही ते सांगतो, आमच्या भाषेत. फोन लागतो तेव्हा समोरच्याच्या कंपनीकडून आपल्या कंपनीकडं कॉलबरोबर त्याचा नंबर पण येतो. नंबर लपवलेला असला तरी नंबर येतोच, फक्त त्याच्यावर एक खूण असते की हा पुढं दाखवू नका. मग आपली कंपनी तो आपल्या हँडसेटला देतच नाही. म्हणजे तुमच्या हातातल्या फोनमध्ये तो नंबर आलेलाच नसतो साहेब, जे घरात आलंच नाही ते ॲप कुठल्या कपाटातून काढून देणार? रिझर्व्हेशनच्या डब्यात कुठल्या बर्थला कोण आहे ते टीसीच्या चार्टमध्ये असतं, पण शेजारच्या प्रवाशाची कितीही बॅग उचकटली तरी तो चार्ट तुम्हाला सापडणार नाही, तसंच हे.

आणि आणखी एक, आपल्याकडं साध्या गिऱ्हाईकाला नंबर लपवायची सोयच नाही. अमेरिकेत म्हणे नंबराच्या आधी *६७ दाबलं की नंबर लपतो, इंग्लंडमध्ये १४१, आपल्याकडं पोरं #३१# लावून बघतात आणि मित्राला फोन करतात आणि मित्र म्हणतो "बोल गधड्या". आपल्या इथं नंबर न दाखवायची सवलत गुप्तचर खात्याची माणसं, काही मोठे अधिकारी, सरकारनं परवानगी दिलेली मोजकी लोकं यांनाच असते. मग तरी 'प्रायव्हेट नंबर' येतात कुठून? बहुतेक बाहेरच्या देशातून, नाहीतर इंटरनेटवरून केलेले कॉल, जिथं मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर नंबर गळून पडतो. म्हणजे आखातात गेलेला तुमचा भाऊ स्वस्तातल्या कॉलिंग कार्डवरून फोन करत असेल तरी तसं दिसू शकतं, आणि ठग असेल तरी तसंच दिसतं. माढ्याच्या त्या डाळिंबवाल्यांचं काय होतं ते अजून कळलं नाही, पण फोन आपोआप बंद झाले. घरातली कटकट बंद झाली का ते मी विचारलं नाही.

आता माझीच एक चूक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दुकानदार शहाणपणा शिकवतोय. रेल्वेतनं रिटायर झालेले एक काका आहेत, रोज सकाळी पेपर वाचायला येतात, चहा माझा पितात. त्यांचा मुलगा बोटीवर आहे, मर्चंट नेव्हीत. एक दिवस काका फोन घेऊन आले, "हा बघ रे कसला नंबर, दोन दिवस झाले येतोय, उचलला की खरखर येते." मी बघितलं, +८७० नं सुरू होणारा. आता +९१ आपला, +९२ पाकिस्तानचा एवढं पाठ आहे, सरकारनं पण मार्च २०२४ ला सांगितलं होतं की +९२ सारख्या परदेशी नंबरांवरून व्हॉट्सॲप कॉल करून सरकारी अधिकारी असल्याचं भासवतात, सावध राहा. मला वाटलं हा पण त्यातलाच. मी मोठ्या रुबाबात ब्लॉक मारला, वर काकांना लेक्चर पण दिलं, अनोळखी उचलायचंच नाही काका, मोठी मोठी लोकं फसलीत. काका आठ दिवस खूष. नवव्या दिवशी काकूच दुकानात आल्या, डोळे सुजलेले, पोराचा आठ दिवस फोन नाही म्हणून कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात चौकशी केली तर ते म्हणाले बोट ठीक आहे, मुलगा तर म्हणतोय घरचे फोन उचलत नाहीत.

+८७० हा कुठल्या देशाचा नंबरच नाही. तो सॅटेलाईट फोनचा आहे, बोटीवरनं लावतात तो. खरखर यायची ती समुद्रातनं. मी ब्लॉक केलेला काकांचा पोरगा होता. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. काका काही बोलले नाहीत, फक्त चार दिवस चहाला आले नाहीत.

तेव्हापासून मी कुणाचाही नंबर बघून निकाल देत नाही.

आमच्या वडलांचा इथंच एसटीडी बूथ होता, पिवळा बोर्ड, काचेची केबिन, आत पंखा नसल्यामुळं लोक बोलता बोलता घामानं निथळायचे आणि मीटरकडं बघत बोलायचे. त्या काळात फोन आला की कोण आहे हे कुणालाच माहीत नसायचं. उचलायचं आणि विचारायचं, "कोण बोलतंय?" एवढीच ती सिस्टीम. गावात ज्यांच्याकडं फोन होता त्यांच्याकडं अख्ख्या आळीचे फोन यायचे, पोरगं पळत जाऊन बोलावून आणायचं. पुढं कॉलर आयडीचा डबा आला, लाल आकडे पळायचे त्याच्यावर, ज्याच्याकडं डबा त्याची मोठी ऐट. एकदा एका व्यापाऱ्याला धमकीचा फोन गेला आणि त्याच्याकडं नेमका डबा होता. नंबर मिळाला. पोलीस तो नंबर घेऊन शोधत शोधत आले ते थेट आमच्या बूथवर. नंबर आमचा! वडलांना दोन तास बसवून ठेवलं, सकाळपासून बूथवर ऐंशी माणसं येऊन गेलेली, त्यात धमकी कुणी दिली ते वडील काय सांगणार. नंबर सापडला, माणूस सापडला नाही. मी तेव्हा नववीत होतो, पण हे वाक्य वडील मरेपर्यंत सांगायचे आणि आता मी सांगतो.

आज काय वेगळं आहे? आता नंबराच्या जोडीला नाव येतं एवढंच. नाव दाखवणाऱ्या ॲपांचं लोकांना भारी वेड आहे, ट्रूकॉलर ही तर स्वीडनची कंपनी, २००९ ला स्टॉकहोमला सुरू झाली आणि तिचं सगळ्यात मोठं मार्केट आपला भारत. अशी ॲपं नाव आणतात कुठून, तर लोकांकडूनच, कुणी तुम्हाला काय नावानं ओळखतं, कुणी स्पॅम, म्हणजे नकोसा फोन, म्हणून दाबलं, ते सगळं गोळा होतं. सरकारी कागद बघून कुणी नाव लावत नाही. माझा नंबर मी स्वतः एका ॲपवर टाकून बघितला तर नाव आलं 'ग्लासवाला महाग'. हसू नका. आमच्या वायरमनचं नाव 'लाईट कधी येणार' असं येतं. एका जावयाचं 'उधारी देऊ नये' येत होतं, ते सासऱ्यानंच सेव्ह केलं असणार अशी त्याची खात्री आहे.

इथवर गंमत आहे, पुढं नाही. आमच्या इथल्या एक आशाताई आहेत, बिचाऱ्या दिवसाला पन्नास साठ घरांना फोन लावतात, लसीकरण आहे या, बाळंतिणीची तपासणी आहे या, गोळ्या घेतल्या का. एवढे फोन जातात आणि उचलणारे वैतागून स्पॅम दाबतात. दहा वीस जणांनी दाबलं आणि त्यांच्या नंबरवर लाल पट्टी यायला लागली. लाल बघितलं की कुणी उचलत नाही. त्यांच्या यादीतली एक पोरगी, पहिलटकरीण, तिच्या तारखेचा निरोप चार वेळा लाल पट्टीत गेला. शेवटी आशाताई भर उन्हात स्कूटीवर साडेसहा किलोमीटर वस्तीवर जाऊन सांगून आल्या. माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "दादा, माझ्या नंबराला काय झालंय हो?" तेव्हा कुठं उलगडा झाला. मी ॲपवर तक्रार टाकून ते काढायला लावलं, थोडा वेळ लागला पण निघालं. ज्यांना अशा यादीत नावच नको त्यांना ट्रूकॉलरच्या वेबसाईटवर जाऊन नंबर अनलिस्ट करता येतो, हे पण कुणाला माहीत नसतं. तुमच्या चौकटीत हे असायला पाहिजे होतं.

आणि उलटी बाजू पण आहे. अनोळखी नंबराचं नाव काढायची एक ट्रिक खरी चालते आणि ती मी इथं लिहू का नको असा दोन दिवस विचार करत होतो, पण पोरासोरांना सगळ्यांना ती माहितीच आहे म्हणून लिहितो. पेमेंटच्या ॲपमध्ये नंबर टाकायचा, बँकेतलं नाव वर येतं, पैसे न पाठवता मागं यायचं. मी स्वतः रोज करतो, जुना मोबाईल विकायला कुणी आला की पहिलं हेच करतो, नाव एक सांगतोय आणि बँकेत दुसरं असलं की मोबाईल घेत नाही. पण हीच ट्रिक उलटी पण चालते ना. कॉलेजच्या एका मुलीचा नंबर कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात वहीवर लिहिलेला राहिला आणि एका टवाळानं त्याच्यावरून तिचं पूर्ण नाव काढलं, नावावरून इन्स्टा काढलं, आणि मग रात्रंदिवस नव्या नव्या नंबरवरून फोन. ती ब्लॉक करून करून दमली. त्या दिवसापासून मी माझी रिचार्जची वही रोज रात्री फाडून टाकतो. ओळखायची सोय जेवढी आपल्याला आहे तेवढीच त्याला पण आहे हे ट्रिका छापताना कुणी लिहीत नाही.

त्या पोरीला मी तेव्हा जे सांगितलं ते लिहितो, कारण ते कामाचं आहे. ट्रिका करत बसू नको, स्क्रीनशॉट काढ, तारीख वेळ लिहून ठेव, आणि पोलिसात जा. लपलेला असो नाहीतर नसो, कंपनीकडं त्या कॉलची नोंद असते, आणि ती पोलिसांनी कायद्यानं मागितली की मिळते. आपल्याला मिळत नाही आणि मिळू पण नये. माझ्याकडं असले महाभाग येतात, "दादा, सीडीआर काढून द्या की, पैसे देतो," म्हणजे कुणाचे कुणाला फोन गेले त्याची यादी. बायकोची पाहिजे असते, नाहीतर पार्टनरची. अरे बाबा, २०१८ ला ठाण्यात पोलिसांनी हाच धंदा करणाऱ्यांची टोळी पकडली होती, त्यात खाजगी डिटेक्टिव्ह आत गेले, मला का जेलात घालतोस? तोंड लपवून धमकी देणाऱ्याला तर नव्या न्याय संहितेत कलम ३५१ मध्ये धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितलीय, आणि बाईमाणसाच्या मागं असं लागणं म्हणजे कलम ७८, पाठलाग. ती मुलगी वडलांना घेऊन गेली. पोरगं तिच्याच क्लासमधलं निघालं.

आता नवीन टूम येतीय, तिच्याबद्दल लोकांना फार आशा आहे. सीएनएपी म्हणतात तिला. फोन आला की सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव स्क्रीनवर येणार, कुठल्या ॲपचं नाही, कंपनीच्या रेकॉर्डमधलं. फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायनं नोव्हेंबर २०२२ ला चर्चा सुरू केली, फेब्रुवारी २०२४ ला शिफारस केली आणि ऑक्टोबर २०२५ ला ट्राय आणि दूरसंचार खातं यांचं जमलं की ही सोय सगळ्यांना आपोआप चालू असावी, नको त्यानं बंद करून घ्यावी. आधी ४जी ५जीवाल्यांना. ज्यांना नंबर लपवायची परवानगी आहे त्यांचं नाव अर्थातच दिसणार नाही.

चांगली गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी सिम विकतो साहेब, कुणाचं सिम कुणाच्या नावावर आहे ते मला विचारा. सासूचा फोन सुनेच्या आधारवर, ऊसतोडीला जाणाऱ्या गड्याचं सिम मुकादमाच्या नावावर, कॉलेजच्या पोराचं बापाच्या, आणि बाप दहा वर्षांपूर्वी वारलेला असला तरी सिम अजून त्याच्याच नावावर चालूय. उद्या मयत माणसाचा फोन आला म्हणून कुणी फोन टाकून पळालं तर नवल नाही. माझ्या स्वतःच्या घरात चार फोन आहेत आणि चारी माझ्या नावावर, म्हणजे बायकोनं माहेरी फोन लावला तर तिकडं नवीन फोनवर नाव येणार माझं, आणि सासूबाई आधी पदर सावरून मग उचलणार.

हे झालं घरच्याघरी. खरी भीती वेगळी आहे. तुमच्या नावावर तुम्हाला न विचारता कुणी सिम काढलं असलं तर ठगाचा फोन लोकांना तुमच्या नावानं जाणार. पोलीस कुणाच्या दारात येणार? आमच्या बूथवर आले तसेच तुमच्या दारात येणार. म्हणून मी गिऱ्हाईकाला सिम देताना आता एक काम फुकट करून देतो, संचार साथीवर त्याच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते काढून दाखवतो. ही सरकारी सोय मे २०२३ ला सुरू झाली, जानेवारी २०२५ पासून तिचं ॲप पण आहे. एका माणसाच्या नावावर नऊ सिम चालतात. गेल्या महिन्यात टेंभुर्णीच्या एका दूधवाल्याच्या नावावर सहा निघाले, त्याला माहीत असलेले दोनच. चार कुणाचे? तिथंच 'हा माझा नंबर नाही' दाबून रिपोर्ट करता येतं, केलं. आम्हा सिमवाल्यांची नोंदणी पण डिसेंबर २०२३ पासून सक्तीची झालीय, पोलीस व्हेरिफिकेशन सगळं, पण त्याआधी कुणी कुठं गिऱ्हाईकाचे अंगठे दोनदा घेतले असतील ते आता कोण शोधणार.

आणि नंबर खोटा पण दाखवता येतो. बसलाय परदेशात आणि तुमच्या स्क्रीनवर +९१ चा साधा दहा आकडी नंबर. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार खात्यानं असे कॉल अडवायची सिस्टीम लावली तर पहिल्या चोवीस तासात १ कोटी ३५ लाख कॉल अडवले, बाहेरून भारतीय नंबर दाखवत आलेल्या कॉलपैकी ९० टक्के तसले निघाले. एका दिवसात! म्हणजे त्याच्या आधी ते सगळे आपल्या खिशात वाजतच होते. लोक मला विचारतात, नंबर तर पुण्याचा दिसत होता, फ्रॉड कसा असेल. आरं बाबा, मोबाईल नंबराला गाव नसतं, आणि जे गाव दिसतं ते पण त्याचं असेलच असं नाही.

सगळ्यात गंमत १६०० ची. बँकांनी व्यवहाराचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून करावेत असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ ला सांगितलं, म्हणजे लोकांना ओळखायला सोपं, आणि जाहिरातीचे फोन १४० वरून. झालं काय, बँकेचा खरा फोन १६०० वरून आला की आमचे लोक म्हणतात हा कसला विचित्र नंबर, नक्की फ्रॉड, कट. आणि साध्या दहा आकडी नंबरवरून "मैं बैंक से बोल रहा हूँ" म्हणणाऱ्याशी वीस मिनिटं बोलतात, कारण नंबर नेहमीसारखा दिसतोय. ही १६०० ची चौकट तुम्ही मोठ्या अक्षरात छापा, वाटलं तर पहिल्या पानावर, मी दुकानात चिकटवतो. १६०० दिसलं तरी ओटीपी सांगायचा नाही हे पण त्यातच छापा.

माझं सरकारी आणि खाजगी सगळ्या ऑफिसवाल्यांना पण एक गाऱ्हाणं आहे. तुम्ही कॉलर ट्यून लावून लावून लोकांना शिकवलंत अनोळखी फोनपासून सावध राहा, खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ ला मन की बातमध्ये डिजिटल अरेस्टबद्दल सांगितलं, रुको, सोचो, एक्शन लो. बरोबर केलंत. पण मग तुमचा क्लार्क स्वतःच्या मोबाईलवरून गिऱ्हाईकाला फोन का लावतो? गॅसवाला, कुरिअरवाला, शाळा, पीक विम्याचा पंचनामा करणारा, सगळे दर वेळी वेगळ्या नंबरवरून. सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यातनं आमच्या शेजाऱ्यांना ऑपरेशनची तारीख अलीकडं घेतल्याचा फोन आला, तो पण कुणाच्या तरी पर्सनल नंबरवरून. तीन वेळा आला, तीन वेळा कट केला. तारीख गेली, पुढची मिळायला महिना लागला. चूक कुणाची म्हणायची? पावतीवर नुसतं एवढं छापलं असतं की आमचा फोन याच नंबरवरून येईल, तर ते शेजाऱ्यांनी सेव्ह केलं असतं.

मला जे जमतं ते मी करतो. म्हाताऱ्या माणसांना सांगतो, फोन उचला, घाबरू नका, नुसता फोन उचलल्यानं पैसे जात नाहीत, तोंडानं ओटीपी सांगितला किंवा हातानं काही दाबलं तर जातात. समोरचा म्हणाला मी तुमचा भाचा, तर ठेवा आणि भाच्याच्या जुन्या नंबरवर लावा. समोरचा म्हणाला हा नंबर दाबा स्टार चारशे एक स्टार वगैरे, तर ठेवा, त्यानं तुमचे फोन दुसरीकडं वळतात, तसं झालं असलं तर ##००२# लावा म्हणजे सगळे वळवलेले बंद होतात. रिंग एकदाच वाजून कट झाली आणि नंबर परदेशी असला तर उलटा फोन लावू नका. व्हॉट्सॲपला सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी कॉल सायलेंट करून देतो, जून २०२३ पासून सोय आहे, मिस कॉल दिसतो पण वाजत नाही. पैसे गेले तर सायबर फ्रॉडच्या १९३० हेल्पलाईनला लगेच फोन, सकाळपर्यंत थांबायचं नाही. पैसे गेले नाहीत पण कुणी प्रयत्न केला तर संचार साथीवर चक्षू म्हणून आहे तिथं टाकायचं. एवढं सगळं एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात एका बैठकीत बसत नाही, म्हणून ते परत परत येतात आणि मी परत परत सांगतो, आणि रिचार्जचं कमिशन किती सुटतं ते तुम्हाला माहीत नाही.

तर साहेब, ती पाच ट्रिकांची चौकट चुकली होती एवढं एका ओळीत तरी छापा. ज्यानं लिहिली त्याला मी दोष देत नाही, इंटरनेटवर तेच फिरतंय, उचललं असेल.

जाता जाता काकांचं सांगतो, कारण तुम्हाला वाटेल पुढं काय झालं. ते परत चहाला यायला लागलेत. तो +८७० चा नंबर मी त्यांना 'बाळू बोट' म्हणून सेव्ह करून दिला, रिंगटोन पण वेगळी लावून दिली. दोन महिने बरं चाललं. मग बाळूची ड्युटी दुसऱ्या बोटीवर लागली आणि नंबर बदलला, हा नवीन कधी +८७० दिसतो, कधी भलताच कुठला देश दिसतो, कधी नुसतं 'प्रायव्हेट नंबर'. आता काका कुठलाही फोन सोडत नाहीत. परवा माझ्यासमोर १४० वाल्या लोनच्या पोरीचं सगळं ऐकून घेतलं, व्याजदर, हप्ता, प्रोसेसिंग फी, ती थांबल्यावर म्हणाले, "बाळ, लोन नको मला, पण तू जेवलीस का?" तिकडनं फोन कट झाला.

आपला,
एक मोबाईल दुकानदार, कुर्डुवाडी
(नाव छापू नका, 'ग्लासवाला महाग' म्हटलं तरी इथं सगळे ओळखतील)